मागणीची किंमत लवचिकता : दैनंदिन बाजारातील काही उदाहरणांच्या आधारे विवेचन

प्रस्तावना

अर्थशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात मागणीची लवचिकता हे प्रकरण बहुधा पहिल्याच सत्रात येते. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात, लवचिकतेच्या पाच प्रकारांच्या पाच आकृत्या काढतात आणि 'जीवनावश्यक वस्तूंची मागणी कमी लवचीक, तर चैनीच्या वस्तूंची मागणी जास्त लवचीक असते' हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहून पुढील प्रकरणाकडे वळतात. हे वाक्य चुकीचे नाही, परंतु ते फार अपुरे आहे. लवचिकता हा जणू वस्तूच्या अंगी असलेला गुण आहे, मिठाला खारटपणा असतो तसा, असा समज त्यातून रुजतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हाती वाहतूक, हमाली, तोलाई आदी खर्च वजा जाता २ रुपये ४९ पैसे पडले. वृत्तपत्रांतून या घटनेची बरीच चर्चा झाली. कांदा ही रोजच्या स्वयंपाकातील वस्तू, तिची मागणी कमी लवचीक. मग ती पिकविणाऱ्याची ही अवस्था का व्हावी? या प्रश्नाचे उत्तर लवचिकतेच्याच प्रकरणात आहे. मात्र ते मिळण्यासाठी लवचिकता कोणाच्या दृष्टीने, कोणत्या किमतीला, किती काळात आणि बाजाराच्या कोणत्या टप्प्यावर मोजली जात आहे, हे आधी विचारावे लागते. प्रस्तुत लेखात हे चार प्रश्न परिचयाच्या उदाहरणांतून मांडले असून त्यांपैकी कांद्याच्या उदाहरणाचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

संकल्पनेचा उगम

किमतीत होणाऱ्या शेकडा बदलाला मागणीत होणारा शेकडा बदल किती प्रतिसाद देतो, हे दर्शविणारे गुणोत्तर म्हणजे मागणीची किंमत लवचिकता. किंमत व मागणी विरुद्ध दिशांना बदलत असल्याने हे गुणोत्तर ऋण येते. परंतु विवेचनात चिन्ह सोडून केवळ संख्या देण्याचा प्रघात आहे आणि येथेही तो पाळला आहे. किंमत वाढली असता विक्रीचे एकूण उत्पन्न वाढेल की घटेल, हा विचार फ्रेंच गणिती कूर्नो यांनी १८३८ मध्येच केला होता. तथापि संकल्पनेला नाव देऊन तिला अर्थशास्त्रात स्थान मिळवून दिले ते आल्फ्रेड मार्शल यांनी, आपल्या १८९० च्या 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' या ग्रंथात. सिसिलीतील पालेर्मो येथे एका गच्चीवर बसले असता १८८१ मध्ये मार्शल यांना ही कल्पना सुचली, अशी त्यांच्या पत्नीने सांगितलेली आठवण केन्स यांनी नोंदवून ठेवली आहे.

मार्शल यांनी या विषयाची मांडणी करताना श्रीमंत, मध्यम व गरीब अशा वर्गांचा स्वतंत्र विचार केला होता. एकच किंमत गरिबाला न परवडणारी आणि श्रीमंताला दखलही न घेण्याजोगी असू शकते. त्यामुळे त्या किमतीजवळ दोघांची लवचिकता वेगवेगळी असते, हे त्यांनी स्पष्ट केले होते. पुढे पाठ्यपुस्तकांच्या संक्षेपात वर्ग गळून पडले आणि वस्तूंची यादी तेवढी उरली.

मापनाचा प्रश्न : उतार म्हणजे लवचिकता नव्हे

उत्तरपत्रिकांत सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे चपटा वक्र लवचीक व उभा वक्र अलवचीक, असे सरसकट मानणे. आठवडी बाजारातील एका टोमॅटो विक्रेत्याचे काल्पनिक उदाहरण घेऊ. त्याच्या मागणीचे समीकरण 'नग किलोत = १०० − २ × किंमत' असे सरळ रेषेचे आहे. किंमत १० रुपये असता तो ८० किलो विकतो आणि तेथे लवचिकता ०.२५ येते. किंमत २५ रुपये असता विक्री ५० किलो व लवचिकता बरोबर १. किंमत ४० रुपये झाली की विक्री २० किलो व लवचिकता ४. रेषा तीच, उतार तोच. लवचिकता मात्र सोळा पटींनी बदलली. म्हणून 'टोमॅटोची मागणी लवचीक आहे का?' हा प्रश्न किंमत सांगितल्याशिवाय अर्थपूर्ण ठरत नाही. दहा रुपयांच्या टोमॅटोविषयी जी गृहिणी घासाघीस करीत नाही, तीच चाळीस रुपयांना आमटीत चिंच किंवा आमसूल घालते.

मापनातील दुसरी अडचण शेकडेवारी कोणत्या आधारावर काढावी, ही आहे. लहान बदलांच्या बाबतीत हा फरक जाणवत नाही, मोठ्या बदलांच्या बाबतीत तो हास्यास्पद ठरू शकतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार भारतात मोबाइलवरील डेटाचा सरासरी दर २०१४ मध्ये प्रति जीबी सुमारे २६९ रुपये होता, तो २०१८ मध्ये ११ रुपये ७८ पैशांवर आला. याच काळात डेटाचा एकूण वापर सुमारे ८२.८ कोटी जीबीवरून ४,६४० कोटी जीबीपर्यंत वाढला. २०१४ हा आधार धरून साध्या सूत्राने गणित केल्यास लवचिकता ५७ च्या पुढे जाते. २०१८ आधार धरून उलट दिशेने मोजल्यास तीच लवचिकता ०.०५ हून कमी भरते. दोन्ही वर्षांच्या सरासरीचा आधार घेणाऱ्या कंस पद्धतीने ती १.०५ च्या आसपास येते. आकडे तेच असताना एका उत्तरानुसार मागणी अतिशय लवचीक, दुसऱ्यानुसार जवळजवळ पूर्णतः अलवचीक! वर्गात कंस लवचिकतेचे सूत्र नुसते फळ्यावर लिहिण्याऐवजी हे उदाहरण सोडवून घेतल्यास त्या सूत्राची गरज आपोआप पटते.

एकूण खर्चाची पद्धती येथे अधिक विश्वासार्ह ठरते. दर व वापर यांचा गुणाकार केल्यास ग्राहकांचा डेटावरील एकूण खर्च सुमारे २२ हजार कोटी रुपयांवरून ५४ हजार कोटींच्या वर गेलेला दिसतो. किंमत घटूनही एकूण खर्च वाढला, म्हणजे लवचिकता १ पेक्षा जास्त. अर्थात हा सर्व बदल किमतीच्या पदरात टाकता येत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये नवी कंपनी बाजारात उतरली, चौथ्या पिढीचे जाळे पसरले, स्वस्त स्मार्टफोन आले. 'इतर परिस्थिती कायम असताना' ही अट येथे पाळली गेलेली नाही.

मीठ : सर्वांत जुने उदाहरण आणि त्याची मर्यादा

पूर्णतः अलवचीक मागणीचे उदाहरण म्हणून मिठाचे नाव हमखास घेतले जाते. ब्रिटिश राजवटीतील मिठावरील कराचे समर्थनही याच गृहीतकावर उभे होते. कर वाढविला तरी लोक मीठ खाणारच, सबब महसूल खात्रीचा. १८८८ मध्ये हा कर दर मणी २ रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळातील आपल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणात या कराच्या कपातीचा आग्रह धरला. कर उतरला की मिठाचा खप वाढतो आणि कर चढला की लोकसंख्या वाढूनही खप खुंटतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. लवचिकता ही संज्ञा न वापरता त्यांनी मांडलेला मुद्दा शुद्ध लवचिकतेचा होता. मिठाची मागणी गरिबांच्या बाबतीत अलवचीक नाही, हे ते आकड्यांच्या आधारे सांगत होते. १९०३ मध्ये कर २ रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया व १९०७ मध्ये १ रुपया असा उतरत गेला.

गोखल्यांचे म्हणणे तर्कदृष्ट्याही पटण्याजोगे आहे. मीठ केवळ ताटात वाढले जात नाही. ते जनावरांना चारले जाते, मासळी खारवण्यासाठी लागते, कातडी कमावण्यासाठी लागते. ताटातील मिठाची मागणी ताठर असली तरी गोठ्यातील मिठाची तशी नसते. मीठ महागले की शेतकरी प्रथम बैलाचे मीठ तोडतो. आज एका किलोची पिशवी कुटुंबाच्या मासिक खर्चात नगण्य असल्याने हा फरक दिसेनासा झाला आहे. १९२३ मध्ये व्हाइसरॉय रीडिंग यांनी कायदेमंडळाचा विरोध डावलून कर पुन्हा सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला आणि पुढच्याच वर्षी तो पूर्ववत करावा लागला. १९३० च्या दांडी यात्रेपूर्वीचा हा इतिहास अर्थशास्त्राच्या तासाला क्वचितच सांगितला जातो.

प्रवासी, पर्याय आणि काळ

पर्यायांची उपलब्धता हा लवचिकतेचा सर्वांत प्रभावी निर्धारक होय. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांमध्ये १७ मार्च २०२३ पासून महिलांना प्रवासभाड्यात ५० टक्के सवलत लागू झाली. भाडे निम्मे झाल्याने तालुक्याच्या ठिकाणी रोज नोकरीस जाणाऱ्या शिक्षिकेच्या फेऱ्या दुप्पट होत नाहीत; तिची मागणी जवळपास अलवचीकच राहते. वर्षातून एकदा माहेरी जाणारी स्त्री मात्र दोनदा जाऊ लागते आणि देवदर्शनाचा पुढे ढकललेला बेत पार पडतो. शिवाय वडाप किंवा काळी-पिवळीने जाणारी स्त्री एसटीच्या थांब्यावर येऊन उभी राहते. हा केवळ पर्याय बदलण्याचा परिणाम आहे. यात एकूण प्रवास वाढलेला नसतो, एसटीचा हिस्सा वाढलेला असतो. उलट दिशेने, २५ जानेवारी २०२५ पासून झालेल्या १४.९५ टक्के भाडेवाढीने उत्पन्न किती वाढले, हे मार्गामार्गानुसार वेगळे असणार. जेथे खाजगी जीप समांतर धावते तेथे मागणी लवचीक. जेथे दिवसातून एकच गाडी येते, त्या वाडीच्या प्रवाशांची मागणी अलवचीक. अशा वाडीवरील प्रवाशाला मिळणाऱ्या ०.१ या गुणांकाचा अर्थ त्याला प्रवासाची आवड आहे असा कोणी लावू नये. त्याला दुसरी वाट नाही, एवढेच तो आकडा सांगतो.

काळाचा विचार पेट्रोलच्या उदाहरणाने थोडक्यात करता येईल. दर वाढल्याच्या पहिल्या महिन्यात दुचाकीस्वार तेवढेच पेट्रोल भरतो. काही वर्षांत मात्र तो अधिक मायलेजचे वाहन घेतो, विजेवरील स्कूटरकडे वळतो किंवा बदली मागून घेतो. अल्पकाळात अलवचीक भासणारी मागणी दीर्घकाळात लवचीक होते ती अशी.

काळाचे परिमाण वर्षांचेच असते असे नाही, ते तासांचेही असू शकते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूची मागणी कमालीची ताठर असते. तोरण लावायचे तर फुले हवीतच, आणि किलोमागे वीस रुपये अधिक म्हणून कोणी दार मोकळे ठेवीत नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी तीच फुले कोणत्याही भावाला खपत नाहीत. शेतकऱ्याच्या दृष्टीने पुरवठा त्या दिवसापुरता पूर्णतः अलवचीक, कारण फूल टिकत नाही. ताठर मागणी व ताठर पुरवठा समोरासमोर आले की आवकेतील लहानशा फरकाने भाव एक तर आभाळाला भिडतो किंवा रस्त्याच्या कडेला पडतो. रस्त्याकडेला टाकून दिलेल्या झेंडूच्या राशी हे या सिद्धांताचे दरवर्षी दिसणारे चित्र आहे.

कांदा : एक वस्तू, अनेक लवचिकता

कांद्याकडे वळण्यापूर्वी एका जुन्या तक्त्याचा उल्लेख आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स डॅव्हनंट यांनी १६९९ मध्ये प्रसिद्ध केलेला आणि ग्रेगरी किंग यांच्या नावाने ओळखला जाणारा हा तक्ता धान्याच्या तुटीचा किमतीवरील परिणाम सांगतो. पीक १० टक्के घटल्यास किंमत ३० टक्के वाढते, २० टक्के घटल्यास ८०, ३० टक्के घटल्यास १६०, ४० टक्के घटल्यास २८० आणि निम्मे घटल्यास ४५० टक्के. गुणाकार करून पाहिल्यास पीक १० टक्के बुडाले तर एकूण पिकाचे मूल्य १७ टक्क्यांनी वाढते आणि निम्मे बुडाले तर ते पावणेतीन पट होते. तक्ता उलटा वाचला की पीक भरघोस आल्यास शेतकऱ्यांचे एकत्रित उत्पन्न घटते, हे सत्य समोर येते. मागणी अलवचीक असल्याचा हा सरळ परिणाम आहे.

कांद्याची किरकोळ मागणी या अर्थाने कमी लवचीक आहे. फोडणीला व वाटणाला त्याची जागा घेणारा पदार्थ नाही आणि कुटुंबाच्या एकूण खर्चात त्याचा वाटा लहान आहे. भाव पडला म्हणून कोणी दुप्पट कांदा खात नाही. भाव चढल्यावर माणसे कुरकुरतात, थोडी काटकसर करतात. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी नवी दिल्लीतील एका कार्यक्रमात, भारताच्या निर्यातबंदीमुळे आपण स्वयंपाक्याला कांदा न घालण्यास सांगितल्याचे हसत हसत नमूद केले होते. पंतप्रधानांच्या स्वयंपाकघरातील लवचिकता एवढी असली तरी सर्वसामान्य घरात ती सहसा इतकी नसते. १९९८ मध्ये दिल्लीच्या निवडणुकीत कांद्याचे भाव हा प्रमुख विषय ठरला, तो याच ताठरपणामुळे.

येथपर्यंतचे विवेचन पाठ्यपुस्तकाशी जुळते. त्याच्या पलीकडे तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट टप्प्याची. ग्राहक ज्या किमतीला प्रतिसाद देतो ती किरकोळ किंमत. शेतकऱ्याला मिळते ती लिलावातील किंमत. दोहोंच्या मध्ये वाहतूक, हमाली, तोलाई, निवड, बारदान, नासधूस आणि व्यापाऱ्यांचे नफे असतात. यांतील बरेच खर्च वजनावर ठरतात. भाव उतरला म्हणून ट्रकचे भाडे उतरत नाही. समजा किरकोळ भाव किलोस २० रुपये, मधला खर्च १२ रुपये व शेतकऱ्याचा भाव ८ रुपये आहे. किरकोळ भाव २५ टक्क्यांनी घसरून १५ रुपयांवर आला आणि मधला खर्च तेवढाच राहिला, तर शेतकऱ्याचा भाव ३ रुपये होतो, म्हणजे साडेबासष्ट टक्क्यांनी कोसळतो. मागणीतील वाढ दोन्हीकडे तीच असल्याने किरकोळ पातळीवर ०.५ भासणारी लवचिकता शेताच्या बांधावर ०.२ इतकीच उरते. प्रारंभी उल्लेखिलेल्या शेतकऱ्याचा भाव किलोस १ रुपया होता. एकूण ५१२ रुपये झाले आणि ५०९ रुपये ५१ पैसे खर्चात गेले. तोच माल किलोस १० रुपयांना गेला असता तर एवढाच खर्च एकूण रकमेच्या दहा टक्के भरला असता. घसरण ग्राहकापर्यंत पोहोचेपर्यंत सौम्य होते आणि शेतकऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत तीव्र होते, याचे कारण या साध्या वजाबाकीत आहे.

येथे हंगामाचाही संबंध येतो. महाराष्ट्रात कांदा खरीप, लेट खरीप म्हणजे रांगडा, आणि रब्बी म्हणजे उन्हाळी अशा तीन हंगामांत येतो. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने टिकतो. खरीप व रांगडा कांदा टिकत नाही, त्याला कोंब येतात. फेब्रुवारीत बाजारात असतो तो प्रामुख्याने रांगडा. तो विकणाऱ्याला थांबण्याची मुभा नसते. त्याचा पुरवठा झेंडूसारखाच असतो. राज्य शासनाने त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमधील विक्रीसाठी क्विंटलमागे ३५० रुपये व कमाल २०० क्विंटलपर्यंत अनुदान जाहीर केले. ते मिळाले त्यांना आधार झाला. परंतु ते झालेल्या विक्रीवरील अनुदान होते, न टिकणाऱ्या मालाचा प्रश्न त्यामुळे बदलला नाही.

दुसरी गोष्ट दृष्टिकोनाची. लासलगावच्या लिलावात एका शेतकऱ्याने एक ट्रॉली आणली काय किंवा दोन आणल्या काय, भावावर परिणाम होत नाही. त्या शेतकऱ्यापुरता मागणी वक्र आडवा, म्हणजे पूर्णतः लवचीक असतो. म्हणून जास्त पिकवावे हा त्याचा निर्णय पूर्णपणे विवेकी आहे. प्रत्येकाने तोच विवेकी निर्णय घेतला की सर्वांची मिळून गाठ पडते ती बाजाराच्या अलवचीक मागणीशी आणि सर्वांचे उत्पन्न घटते. पूर्ण स्पर्धेच्या प्रकरणातील आडवी रेषा व मागणीच्या प्रकरणातील उतरती रेषा या दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा, हा प्रश्न विद्यार्थी सहसा विचारीत नाहीत. शेतकऱ्यांना 'सर्वांनीच कांदा लावू नका' असा उपदेश करणारेही तो विचारीत नाहीत. एकट्याने कांदा न लावल्याने भाव वाढत नाही, फक्त त्याचे उत्पन्न बुडते.

यंदाच्या भावावर पुढची लागवड ठरत असल्याने तेजी-मंदीचे चक्र सुरू होते. या चक्राला कॉब्वेब म्हणजे कोळ्याचे जाळे हे नाव निकोलस काल्डॉर यांनी १९३४ मध्ये दिले. पुरवठ्याची लवचिकता मागणीच्या लवचिकतेपेक्षा जास्त असेल तर हे जाळे आत न मिटता बाहेर पसरत जाते. कांद्याची मागणी ताठर आणि लागवड भावाला चटकन प्रतिसाद देणारी असल्याने अस्थैर्याची ही अट येथे सहज पुरी होते.

तिसरी गोष्ट धोरणाची. परदेशी ग्राहकाची भारतीय कांद्यासाठीची मागणी घरगुती मागणीपेक्षा लवचीक असते, कारण त्याला पाकिस्तान, इजिप्त, चीन यांचा कांदा घेता येतो. निर्यात खुली असताना भाव थोडा उतरला की बाहेरची मागणी लगेच वाढते आणि घसरणीला बांध बसतो. निर्यात बंद झाली की उरते ती केवळ ताठर अशी देशांतर्गत मागणी. २९ सप्टेंबर २०१९ रोजी निर्यातबंदी आली, ती १५ मार्च २०२० पासून उठली. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा आली व १ जानेवारी २०२१ पासून उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आणि ८ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा बंदी. मे २०२४ मध्ये ती उठली खरी, पण टनास ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य व ४० टक्के शुल्कासह. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य रद्द होऊन शुल्क २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. बंदीची चर्चा 'भाव पाडले' एवढ्यापुरतीच होते. प्रत्यक्षात बंदीमुळे शेतकऱ्यासमोरचा मागणी वक्र डावीकडे सरकतो आणि शिवाय अधिक उभाही होतो. त्यामुळे नंतरच्या प्रत्येक जादा क्विंटलची शिक्षा वाढते. वारंवार बंदी घातल्याचा आणखी एक परिणाम दीर्घकालीन लवचिकतेचा आहे. पुरवठ्याची खात्री नाही म्हटल्यावर परदेशी खरेदीदार अन्य देश शोधतात किंवा स्वतःच्या देशात लागवड वाढवितात. निर्यात पुन्हा खुली होते तेव्हा ते सर्व परत येतीलच असे नाही.

ग्राहकहिताचा विचार गैर आहे, असा याचा अर्थ नाही. रोजंदारीवरील कुटुंबाला किलोस ८० रुपयांचा कांदा खरोखरच जड जातो. परंतु तेजीत ग्राहकाचा ताठरपणा पाहून तातडीने निर्णय घेणारी व्यवस्था मंदीत शेतकऱ्यासमोरचा, त्याहूनही तीव्र असलेला, ताठरपणा पाहत नाही, ही विसंगती मान्य करावी लागेल.

बाजारातील आकडे आणि मागणी वक्र

लवचिकता शिकविताना विद्यार्थ्यांना जवळच्या मंडईत पाठवून भाव व विक्रीची नोंद करण्याचा उपक्रम अनेक महाविद्यालयांत घेतला जातो. उपक्रम स्तुत्य आहे, पण त्यात एक खोच आहे. दसऱ्याच्या आठवड्यात झेंडूची नोंद केल्यास भाव वाढलेला व विक्रीही वाढलेली दिसते. आलेख चढता येतो आणि एखादा हुशार विद्यार्थी झेंडूला गिफेन वस्तू ठरवून मोकळा होतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हेन्री मूर यांनी १९१४ मध्ये कच्च्या लोखंडाच्या आकडेवारीवरून असाच चढता मागणी वक्र काढून दाखविला होता. त्यातील गोम ई. जे. वर्किंग यांनी १९२७ मध्ये उलगडली. बाजारात दिसणारा प्रत्येक बिंदू हा मागणी व पुरवठा या दोन वक्रांचा छेदबिंदू असतो. मागणी सरकत असेल व पुरवठा स्थिर असेल, तर बिंदू जोडून मिळतो तो पुरवठा वक्र. दसऱ्याला सरकते ती मागणी. म्हणून तेव्हाच्या नोंदींतून झेंडूच्या मागणीची लवचिकता निघत नाही.

मागणी वक्र हवा असेल तर मागणी स्थिर व पुरवठा हलता असलेले दिवस निवडावे लागतात. पावसाळ्यात रात्रभर मुसळधार पाऊस होऊन घाटातील वाहतूक थांबते त्या सकाळी मेथी-कोथिंबिरीची आवक निम्म्यावर येते. गिऱ्हाईक तेच, सणवार नाही, पगाराचा दिवस नाही. बदलली ती फक्त आवक. अशा दोन-चार सकाळींची नोंद आणि आधीच्या कोरड्या सकाळींची नोंद शेजारी ठेवून कंस पद्धतीने काढलेला गुणांक महिनाभराच्या सरसकट नोंदींपेक्षा अधिक भरवशाचा ठरतो. नोंद करताना वेळही टिपावी. कारण सकाळी आठला वीस रुपयांना जाणारी जुडी संध्याकाळी सातला पाचावर येते. सकाळचे गिऱ्हाईक कामाच्या घाईत असते. संध्याकाळी थांबून, चार टोपल्या फिरून घेणारे गिऱ्हाईक भावाला अधिक संवेदनशील असते, आणि विक्रेतीला उरलेली भाजी घरी न्यायची नसते. तिने लवचिकतेचे सूत्र पाहिलेले नसते. पण कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता भाव सांगायचा, हे ती टोपलीपुढे थांबलेले पाऊल पाहून ठरविते, आणि बहुतेक वेळा ती चुकत नाही.